अडीच काकांचे पाच तारे

पेपरातल्या सिनेमा-परीक्षणाच्या पानाच्या साच्यात पाच तारे आधीपासूनच मांडलेले असतात. परीक्षकाने दिले तेवढे ठेवायचे, बाकीचे पुसायचे, एवढंच माझं काम. त्या आठवड्यात मी पुसायचं विसरलो आणि कॉलेजातल्या पोरापोरींच्या एका हलक्याफुलक्या सिनेमाला आमच्या पेपरात पाचच्या पाच तारे मिळाले.

परीक्षक होते अडीच काका. बँकेतून निवृत्त झालेले, आणि कोणताही सिनेमा असो, तारे अडीचच. आमच्या गावच्या शाळेत मास्तर सगळ्यांना पासापुरते मार्क द्यायचे, त्याच जातकुळीतले. सिनेमा बघायचे तोही सकाळच्या रिकाम्या खेळाला. "शेजारचा हसला की आपलं मत घसरतं," हे त्यांचं शास्त्र. काकू म्हणायच्या, "लग्नाच्या फोटोतही हे अडीचच हसलेत."

पेपर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या घरी जाऊन उभा राहिलो. कालचा पेपर त्यांच्या मांडीवर होता.

"खाली मी काय लिहिलंय?"

"'विनोद ओढूनताणून आणलेत, हसू येत नाही.'"

"आणि वर पाच तारे! लोक म्हणतील, म्हातारा विकला गेला."

तेवढ्यात काकांना संपादकसाहेबांचा फोन आला. साहेब खूश होते. आमच्या ऑफिसच्या वाटेवरच्या थिएटरच्या मालकाने दारावर भला मोठा फलक रंगवून घेतला होता, 'अडीच काकांचे पाच तारे!', आणि गर्दी लोटली होती.

"राहू द्या हो काका," साहेब म्हणाले. "कुणाचं काय बिघडलं?"

"माझं. दुरुस्ती छापा, नाहीतर दुसरा माणूस शोधा."

काकू आतून म्हणाल्या, "लिहायच्या आधी एकदा माणसांत बसून तरी बघा!"

संध्याकाळी आम्ही तिघं भरल्या थिएटरात बसलो. काका पडद्याकडे कमी आणि मान वळवून लोकांकडेच जास्त बघत होते. सिनेमात नाटकाच्या तालमीत शिरलेले प्राचार्य रंगमंचाच्या पडद्यात गुंडाळले गेले आणि सगळं थिएटर खदखदा हसलं. आमच्या रांगेतूनही एक विचित्र आवाज आला.

"उचकी," काका म्हणाले.

"हो का? पाणी देऊ?" काकूंनी विचारलं.

पुढच्या आठवड्याच्या पानासाठी काकांनी लिहून दिलं: 'पाच तारे ही पानाची चूक. अडीच ही माझी. तारे तीन. मध्यंतरानंतर सिनेमा लांबलाय, हे मात्र कायम.'

साहेबांनी कपाळाला हात लावला. "पाचावरून तीन?"

"अडीचवरून तीन, साहेब. अर्ध्याने वर चढलोय."

साहेबांनी ते जसंच्या तसं छापलं. पण मालकाला ताजा रंगवलेला फलक उतरवावा लागला, आणि पेपरवाल्यांनी आपला पोपट केला असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागला. काकांनी मला बोलावलं.

"तारे तू ठेवलेस, मालकाची माफीही तूच मागायचीस."

"उद्याच जातो," मी म्हणालो.

सिनेमा कधीच उतरला. मी अजून ऑफिसला मागच्या गल्लीनेच जातो.