मी काढलेले गाढवाचे दात

फॅक्स आला तेव्हा सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. सोमवारी अकराच्या चहाला आमचा स्टुडिओ इंजिनियर बिजू तो कागद नाचवत आला आणि मोठ्यानं वाचायला लागला. इंग्रजीत एकच ओळ होती. माझ्या गाढवाचे दात कुणी काढले? खाली पिलारबाईंची सही. पिलारबाई म्हणजे स्पेनमधल्या एका छोट्या म्युझिक कंपनीच्या प्रोड्यूसर, आमच्या गिऱ्हाईक.

"राँग नंबर हो ताई," पॅकिंगचे इब्राहिमभाई म्हणाले. हे राजापूरचे, वीस वर्षं गल्फमध्ये. "दातांच्या डॉक्टरचा फॅक्स आपल्याकडं आला."

"गाढवांचा डेंटिस्ट? जबल अलीमें?" बिजू म्हणाला. आमचा कारखाना दुबईच्या जबल अली भागात, करमाफीच्या फ्री झोनमध्ये.

"फ्री झोन आहे बाबा. इथं काय नसेल?"

मी हसत हसत चहाचा कप खाली ठेवला. आणि एकदम आठवलं, पिलारबाईंच्या टेपमधून काहीतरी काढायला मीच लिहिलं होतं. तुम्हाला म्हणून सांगते, तेवढ्या वेळात मला अर्धं कळून चुकलं होतं.

पण आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकाचा शेवट. सीडी आल्या होत्या, तरी कॅसेटी अजून जोरात चालायच्या. आमच्या कारखान्यात बाहेरच्या कंपन्यांच्या गाण्यांच्या कॅसेटी भरून दिल्या जायच्या. गिऱ्हाईक मूळ गाणं एका छोट्या डिजिटल टेपवर पाठवायचं, त्याला मास्टर म्हणतात. मास्टरवरून मशिनवर हजारो कॅसेटी भरायच्या. मी क्यूसीला, म्हणजे तपासणीला. मास्टर आला की आधी मी तो पूर्ण ऐकायचा, खरखर, शिट्टी, गुणगुण काही असेल तर मिनिट-सेकंदासकट फॉर्मवर लाल पेनानं लिहायचं. मग बिजू कॉम्प्युटरवर ती खराबी पुसायचा.

माझं शिक्षण म्हणाल तर काही नाही. मिस्टरांच्या नोकरीमागं शारजात आले, इथं पॅकिंगमध्ये लागले. एकदा खोके बांधता बांधता शेजारच्या खोलीतला आवाज ऐकून म्हटलं, "ही टेप जरा हळू फिरतेय का हो?" मशिन तपासलं तर खरंच हळू. मालक भाटियासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी मला हेडफोन दिला. तेव्हापासून कानांवर पोट. आणि कानांचा गर्वही, तो लपत नाही.

तर तीन आठवड्यांपूर्वी हा मास्टर आला होता. पेरू देशातली रोसाल्बा नावाची गायिका. गाणी स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, स्वतः गायची. कागदावर लिहिलं होतं की हा तिचा शेवटचा अल्बम. मला वाटलं, रिटायर होत असेल.

आवाज काय सांगू! जाडसर, जरा घोगरा, जशी घरातली मोठी बाई स्वयंपाक करता करता गाते. मागं ढोलकी नव्हती, खोका वाजवल्यासारखा ठेका होता. इब्राहिमभाई दारातून ऐकून म्हणाले, "हे तर आमच्या पॅकिंगमधलं पोर वाजवतंय. लाकडी खोका आहे ताई, पैज लावा." आणि ठेक्याच्या मध्येच, दर आवर्तनाला, खर्रर्र. सैल झालेल्या स्पीकरचा पडदा फडफडतो ना, हुबेहूब तसं. पहिल्या गाण्यात, तिसऱ्यात, पाचव्यात.

मी लाल पेन काढलं. लिहिलं: बझ, ठरावीक अंतरानं, काढणे.

बिजूला दोन दिवस लागले. एकेक खर्रर्र शोधून पुसली. ऐकलं तर गाणं पाण्यासारखं स्वच्छ. भाटियासाहेब स्वतः येऊन म्हणाले, "मॅडम, आपके कान का बीमा करवाना पडेगा." अहो, मी शाबासकी घेतली! लाजत लाजत घेतली.

नियम असा होता की नमुन्याची कॅसेट गिऱ्हाइकाकडं जाते, तिकडून ओके येतं, मग माल भरायचा. पण रमझानच्या ऑर्डरी पुढं उभ्या होत्या, मशिन चार दिवस रिकामं होतं. साहेब म्हणाले, "भर दो, ओके तो आ ही जाएगा, इन्शाल्ला." चार हजार कॅसेटी भरून, लेबलं लावून, खोक्यांत बसल्या. आणि ओकेच्या ऐवजी हा फॅक्स.

साहेबांनी स्पीकरवर माद्रिदला फोन लावला. केबिनमध्ये साहेब, बिजू आणि मी. पिलारबाईंचं इंग्रजी तुटक, माझंही तुटक, त्यामुळं आमचं चांगलं जमायचं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही गाढवाचा जबडा ऐकला नाही का?"

"कसला जबडा?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. पेरूच्या किनाऱ्यावर ऊस आणि कापसाचे मोठे मळे होते. तिथं राबायला आफ्रिकेतून माणसं धरून आणली, विकत घेतली, पिढ्यान् पिढ्या राबवली. त्यांचे ढोल काढून घेतले, कारण ढोल वाजले की माणसं एकत्र येतात. ढोल गेले तर त्यांनी फळांचे लाकडी खोके वाजवले. इब्राहिमभाई पैज जिंकले होते. आणि मेलेल्या गाढवाचा जबडा उकळून, वाळवून घेतला. वाळला की दात मुळाशी सैल होतात. हाताच्या मुठीनं जबड्यावर मारलं की सगळे दात एकदम थरथरतात. खर्रर्र.

"ते वाद्य आहे," पिलारबाई म्हणाल्या. "रोसाल्बा त्यांच्यातलीच. जबडा तिचा भाऊ वाजवतो."

वाद्य? मी वाद्य पुसलं? दोनशे-तीनशे वर्षं मालकांना जे काढून घेता आलं नाही, ते मी एसीत बसून लाल पेनानं काढलं? आणि सगळ्यात वाईट काय सांगू, मला कळायला हवं होतं. आपल्याकडं तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा घालतात तो कशासाठी? तार झणझणावी म्हणून. जवारी म्हणतो आपण त्याला. माझ्या मामेबहिणीला गाणं शिकवायला येणारे मास्तर अर्धा अर्धा तास तो दोरा सरकवत बसायचे. उद्या कुणी परदेशी बाई तंबोऱ्याची झणझण बझ म्हणून पुसून टाकेल तर मी तिला काय म्हणेन?

पिलारबाई पुढं म्हणाल्या, "रोसाल्बा हॉस्पिटलमध्ये आहे. डॉक्टरांनी दिवस मोजूनच दिलेत. रेकॉर्डिंग झालं आणि ती कोसळली. तयार अल्बम तिनं ऐकलेलाच नव्हता, म्हणून तुमचा नमुना मी तिला पेरूला पाठवला. भावानं पलंगाशी बसून लावला. पहिलं गाणं संपायच्या आत तो उठून बाहेर गेला. त्याला वाटलं, त्याचं वाजवणं तिला आवडलं नाही म्हणून तिनंच काढायला लावलं. ती नाही म्हणते, पण त्याला पटत नाही."

रिटायर होतेय असं मला वाटलं होतं. रिटायर!

भाटियासाहेबांनी फोनचं म्यूटचं बटण दाबलं. "सुनिए. हम बोलेंगे, मास्टर ऐसा ही आया था. उनकी टेप में फॉल्ट."

"साहेब, मास्टरची टेप कपाटात आहे. दात आहेत त्यात."

"कपाट हमारा है ना? और आपका वो फॉर्म फाड दो. खलास."

"आणि त्या भावाला काय वाटत राहील?"

"भाई पेरू में है, मॅडम! चार हजार पीस पॅक है, अगले हफ्ते से रमझान का माल चढेगा. आपको नौकरी करनी है कि नहीं?"

बिजू माझ्याकडं बघत होता. पुसलं त्यानं होतं, पण माझ्या फॉर्मवरून. त्याची बायको सातव्या महिन्यात होती, व्हिसा कंपनीचा. तो बोलणार नव्हता, आणि त्यानं बोलावं असं मलाही वाटत नव्हतं.

मी हात लांब करून बटण परत दाबलं. धाडस वगैरे काही नव्हतं हो. "पिलार मॅडम, तुमचा मास्टर बरोबर होता. दात मी काढले. मला ती खराबी वाटली. भावाला आज, आत्ताच सांगा, की दुबईतल्या एका अडाणी बाईनं काढले, बहिणीनं नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारला. आता त्यांना पटवायची गरजच उरली नव्हती, मी बोलून बसले होते.

पिलारबाई म्हणाल्या, "सांगते. पण तिला बरोबर कॅसेट ऐकायचीय. कुरियरला पाच दिवस. पाच दिवसांचं मी काही सांगू शकत नाही."

"तुमच्याकडं मास्टरची कॉपी असेल ना? फोनवरून ऐकवा."

"तेच म्हटलं मी. ती म्हणते, नको. ही कॅसेट तिच्या किनाऱ्यावरच्या गावांत वाटायचीय, तिथं सीडी कुणाकडं नाही. ज्यांनी दात काढले त्यांचीच कॅसेट मला ऐकवा, म्हणते."

"मग आम्ही ऐकवतो. उद्या. फोनवरून."

घरी गेले तर मुलीनं ऐकून डोळे मोठे केले. "आई, you deleted the instrument? Like, the whole instrument?" तिचे बाबा म्हणाले, "जेवू दे तिला." जेवण कुठलं जातंय?

मंगळवारी सकाळी मूळ मास्टरवरून, काहीही न पुसता, मशिन पुन्हा सुरू झालं. पॅकिंगवाल्यांनी चार हजार डब्या उघडून जुन्या कॅसेटी काढायला घेतल्या. इब्राहिमभाई मला ऐकू जाईल अशा बेतानं पोरांना सांगत होते, "हळू काढा रे, दात लागतील." हुकूम भाटियासाहेबांचाच, पण तो त्यांनी बिजूला दिला, मला नाही.

संध्याकाळी सहाला, पेरूत सकाळचे नऊ, हॉस्पिटलमध्ये फोन लागला. मशिनवरून उतरलेल्या कॅसेटींतली एक मी डोळे मिटून उचलली होती, कुठलीही, निवडून नव्हे. टेपरेकॉर्डरच्या स्पीकरसमोर रिसीव्हर धरला. तिकडं रोसाल्बाची भाची होती, तिला इंग्रजी येत होतं. म्हणाली, "आत्याच्या कानाला लावते."

फोनवर गाणं कसं ऐकू येतं तुम्हाला माहीत आहे. जाड आवाज बारीक होतो, खोक्याचा ठेका तर जवळजवळ मरतो. पण खर्रर्र? ती तारेतून सरळ जात असणार, कारण पहिल्या खर्रर्रला पलीकडून कुणीतरी पुरुष जोरात ओरडला. मी घाबरले. भाची म्हणाली, "काही नाही, जबडा वाजवणारा काका हसतोय."

मी अख्खी पहिली बाजू ऐकवली. हात भरून आला तेव्हा बिजूनं रिसीव्हर धरला. साहेब कधी येऊन मागं उभे राहिले कळलं नाही. बाजू संपली. पलीकडं नुसती कुजबुज. मला वाटलं, गेली की काय.

भाची म्हणाली, "आत्या म्हणते, दात चांगले बसवलेत. पण एक चूक आहे."

"चूक?"

"तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या मध्ये. तिनं सात सेकंद शांतता ठेवायला सांगितली होती. तुम्ही घाई केलीत."

मी धावत जाऊन मास्टरबरोबर आलेला कागद काढला. खाली, बारीक अक्षरात, स्पॅनिशमध्ये काहीतरी आणि पुढं सातचा आकडा. आमच्याकडं दोन गाण्यांमध्ये कायम दोन सेकंद. मशिनची सेटिंगच तशी. कोणत्याही गिऱ्हाइकानं कधी काही म्हटलं नव्हतं, म्हणून तो कागद मी कधी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. मी घड्याळ लावून कॅसेट ऐकली. दोन सेकंद. मरणाच्या दारात पडलेली बाई, अर्ध्या जगापलीकडं, फोनच्या तारेवरून पाच सेकंद कमी आहेत हे ओळखते. आणि कानांचा विमा माझा!

बाहेर मशिन चालूच होतं. सातशे-आठशे कॅसेटी उतरल्या होत्या. मी साहेबांकडं बघायची हिंमतच केली नाही.

"बिजू," साहेब म्हणाले, "मशीन बंद करो. सात सेकंद डालो. यल्ला, चलो."

रोसाल्बा त्यानंतर नऊ दिवसांनी गेली. दुसऱ्यांदा दुरुस्त केलेला नमुना तिच्यापर्यंत पोचला होता, असं पिलारबाईंनी कळवलं. ऐकला की नाही ते त्यांनी लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. चार हजार कॅसेटी बोटीनं गेल्या. माझी नोकरी राहिली. साहेबांनी लाल पेन मात्र काढून घेतलं, निळं दिलं, आणि फॉर्मवर "खराबी"च्या पुढं एक नवा रकाना छापून घेतला: गिऱ्हाइकाला विचारलं का? पुढच्या सहा वर्षांत तो रकाना किमान चाळीसदा तरी उपयोगी पडला.

नव्या माणसांना मी दोनच गोष्टी सांगायचे. काही काढायच्या आधी ते कुणी मुद्दाम ठेवलंय का ते विचारा, आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्या कॅसेटींतली एक माझ्याकडं आहे. त्या सात सेकंदांत तिला काय हवं होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही. मोजून मात्र पाहिलेत. सात भरतात.