ताज्या पाण्याचा गीझर

गीझर हा शब्द काढला की अजून माझं डोकं तडकतं. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये पंधरा वर्षं टाकीचा साधा विजेचा गीझर होता. कोणाच्या अध्यात ना मध्यात. बटण दाबा, चहा टाका, चहा होईतो पाणी तापलेलं. मग सासरे गेले, सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि चौथ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की या गीझरचं पाणी शिळं आहे.

"शिळं?" मी म्हटलं. "आई, पाणी आहे ते. पोळी नाही."

"रात्रभर त्या टाकीत कोंडलेलं. शिळंच की. त्या पाण्याने आंघोळ करून मी देवांना हात लावणार नाही."

मी म्हटलं, गच्चीवरच्या टाकीतही पाणी रात्रभर असतंच, तेच नळाला येतं. उत्तर तयार होतं. "त्याला आकाश दिसतं." घट्ट झाकणाच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीला आकाश कुठून दिसतं, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर नवरा मध्ये पडला. "असू दे ना, दुसरा घेऊ." सकाळी सातला हिंजवडीची कंपनीची बस पकडणाऱ्या माणसाचं काय जातं असं म्हणायला? दिवसभर घरात कोण कोणाचं डोकं खातं, ते बघायला तो थोडाच असतो.

मग टाकी नसलेला, नळ उघडला की तिथल्या तिथे पाणी तापवणारा गीझर शोधणं आलं. आधी विजेचा छोटा आणला. दुकानदार म्हणाला, एकदम कडक पाणी येतं. डिसेंबरात त्यातून जे यायचं त्याला कडक म्हणणाऱ्याचा जाहीर सत्कार करायला हवा. सासूबाईंनी बादलीत बोट बुडवलं आणि म्हणाल्या, "ताजं आहे हो. पण मेलं गार आहे." पंधरा दिवसांत तो माळ्यावर गेला आणि गॅसचा आला.

तो बसवायला आलेला मेकॅनिक शहाणा होता. सरळ म्हणाला, "मॅडम, हा बाथरूममध्ये नको. आत गॅस जळतो, हवा खेळती पाहिजे. ड्राय बाल्कनीत लावतो आणि पाइप आत घेतो." मला पटलं. पण आमच्या ड्राय बाल्कनीत कामाच्या बाई खरकटी भांडी घासतात. खरकट्यावरून आलेलं पाणी सोवळ्याला कसं चालायचं? सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "देवपूजेच्या आंघोळीचं पाणी उष्ट्या भांड्यांवरून आणणार? वा! छान." मी भांडायला हवं होतं. एरवी मीठ कमी-जास्त झाल्यावरून तासभर भांडते. पण त्या दिवशी आमचं सकाळपासून दोनदा वाजलं होतं, मला वीट आला होता. म्हटलं, लावा हो कुठे लावायचा तो. त्याने तो बाथरूममध्ये लावला, सिलिंडर बाहेर ठेवला, आणि जाताना खिडकीच्या तिरप्या काचांकडे बोट करून दोनदा बजावलं, "ही बंद करायची नाही. कधीच नाही."

गीझर मात्र उत्तम चालला. नळ सोडला की भस्सकन पेटायचा आणि हात भाजेल असं पाणी द्यायचा. सासूबाई नळ सोडून ठेवून पाऊण पाऊण तास आंघोळ करायला लागल्या. मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय! आता खिडकीतून वारं यायला लागलं. वारं येतं, पाठ धरते. चहाबरोबर वारं, जेवताना वारं. नणंदेला फोनवर, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "इथे बाथरूममध्येच महाबळेश्वर आहे गं. सांगायचं कोणाला? ऐकणारं हवं ना कोणी."

त्या दुपारी माझं टाळकं सरकलं. गीझरच्याच खोक्याचा पुठ्ठा कापला, स्टुलावर चढले आणि ब्राउन टेपने सगळी खिडकी चारी बाजूंनी बंद करून टाकली. "घ्या. झालं समाधान?"

"घाण दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

मेकॅनिकचं बोलणं मी विसरले होते, असं मी स्वतःलाच सांगत आले आहे. साफ खोटं. टेप लावताना मला ते आठवलं होतं. वाटलं, ही मंडळी घाबरवायला बोलतातच.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा आंघोळ उरकून बससाठी पळाला आणि पाठोपाठ सासूबाई आत गेल्या. आदल्या रात्रीपासून आमचा अबोला होता. बराच वेळ पाणी वाहत होतं. बादली भरून वाहिल्याचा आवाज आला, तरी मी कणीक मळत बसले. म्हटलं, वाहू दे, मी नाही बोलणार. मग शेवटी राहवेना. ओरडले, "आई, बादली भरली!" उत्तर नाही. "आई, ऐकू येत नाही का?" उत्तर नाही. सतरा वर्षांत या बाईने माझं एक वाक्य बिनउत्तराचं जाऊ दिलं नव्हतं. मी कणकेच्या हातांनीच बाथरूमकडे धावले.

दार आतून लावलेलं. ते फायबरचं, तीन लाथांत कडी निघाली. सासूबाई पाटाशेजारी कलंडल्या होत्या, नळ चालू, गीझर ढणढणत होता. मी नळ बंद केला, पुठ्ठा ओरबाडून काढला, त्यांना काखेत धरून फरफटत हॉलमध्ये आणलं आणि खिडक्या उघडत वेड्यासारखी हाका मारत सुटले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत त्या शुद्धीवर आल्या, नवराही येऊन पोचला. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गॅसचा गीझर, विषारी वायू साठला, अजून दहा मिनिटं गेली असती तर हाती लागल्या नसत्या. नवरा माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. "तो पुठ्ठा कोणी लावला?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी मास्क बाजूला केला. "मी लावला. वारं येत होतं."

"तू? स्टुलावर चढून?"

"मग? मी काय पांगळी आहे?"

चार दिवसांनी त्यांना घरी आणलं. नवऱ्याने गीझर ड्राय बाल्कनीत हलवून घेतला होता. खरकट्याबद्दल सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. तो कामावर गेल्यावर मी त्यांच्या केसांना तेल लावायला बसले आणि विचारलं, "आई, खोटं का बोललात?"

"त्याचा स्वभाव बापासारखा. एकदा मनात धरलं की सोडत नाही. जन्मभर तुला टोचून खाल्लं असतं." मग म्हणाल्या, "आणि तू काय मुद्दाम केलंस? माझी पाठ धरत होती म्हणून लावलास. तेवढं कळतं हो मला. आता मुळूमुळू रडू नकोस, चहा टाक."

मी चहा टाकायला उठले. स्टुलावर उभी राहून टेप ओढताना त्यांची पाठ माझ्या मनातसुद्धा नव्हती. ही बाई एकदाची गप्प बसावी, एवढंच होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.