रंजिताची रीडिंगं

रंजिता माझी नणंद. अंजूरच्या आगऱ्यांच्या घरातली. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करणारी गावातली पहिलीच, असं आमचे सासरे दाजी सांगतात. खरं-खोटं कुणी तपासलेलं नाही.

कापड विणणाऱ्या जुन्या लूमच्या मोटारी वीज ओढतात तेव्हा लाइनीत काय काय घाण मिसळते आणि ती कमी कशी करायची, हा तिचा विषय. तिला शिकवणारा जो होता त्याला मी सर म्हणणार नाही, आणि नाव घेऊन तोंडही विटाळणार नाही. तो गाईड, एवढं पुरे.

पहिल्याच वर्षी गाईडला कळलं की दाजी खाडीत जाळं टाकतात. झालं. तेव्हापासून दर उधाणाला त्याला जिताडा लागायचा, तोही साफ करून, तुकडे करून, बर्फात घातलेला. रंजिता एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात ठिबकणारी पिशवी घेऊन युनिव्हर्सिटीत जायची. एकदा त्याने पिशवी विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी वास मारतो म्हणून फ्रिज तिच्याकडूनच पुसून घेतला. एम.ई. झालेली मुलगी. मला हे ऐकूनच ओकारी आली होती. ती म्हणाली, "जाऊ दे वहिनी, सगळ्यांनाच करावं लागतं."

रीडिंगसाठी तिने कामतघरची हनीफचाचांची शेड धरली. चोवीस जुने लूम. चाचांनी मेन बोर्डावर मीटर बसवू दिलं, वर चहा पाजला. चौदा महिने दर आठवड्याला ती रिक्षाने जाऊन रीडिंगं उतरवून आणायची. शेडमध्ये बाईमाणसासाठी संडास नव्हता, म्हणून त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायची नाही. घरी आली की केसांतून कापूस निघायचा.

शुक्रवारी दुपारी नमाजासाठी शेड बंद असायची. "जुम्मे को मशीन भी आराम करेगी बेटी, और तेरा मीटर भी," असं चाचा म्हणायचे. त्यामुळे तिच्या प्रत्येक ग्राफमध्ये शुक्रवारी बारा ते तीन रेघ जमिनीला टेकलेली.

गाईड म्हणाला, डेटा पाठव, बघतो. तिने पाठवला. आठ महिने तो बघतच होता.

मग एक दिवस विभागात व्हायवा लागला, प्रितमचा. हा तिच्यानंतर दोन वर्षांनी आलेला, कुठल्याशा कॉलेजच्या ट्रस्टीचा मुलगा. पीएचडीचा व्हायवा उघडा असतो, कुणीही बसावं, कुणीही विचारावं. रंजिताला बोलावणं होतं ते मात्र सामोसे-चहाची व्यवस्था बघायला. माणसं पन्नास होती, म्हणून मी मदतीला गेले.

पडद्यावर पहिला ग्राफ आला तेव्हा ती ट्रे घेऊन सामोसे वाटत होती. तिचाच ग्राफ होता. प्रितम सांगत होता की ही रीडिंगं तिन्ही पाळ्या चालणाऱ्या एका सूतगिरणीतली आहेत. त्या शहाण्यांना चोरीही धड जमली नव्हती. शुक्रवारची रेघ तशीच ठेवली होती.

रंजिता ट्रे घेऊनच उभी राहिली. म्हणाली, "चोवीस तास चालणाऱ्या गिरणीत दर शुक्रवारी बारा ते तीन सगळ्या मोटारी बंद का असतात?"

प्रितमने गाईडकडे बघितलं. गाईड म्हणाला, "मेंटेनन्स."

"चौदा महिने? नेमक्या त्याच वेळी?"

बाहेरून आलेले परीक्षक हसले. "मोठी शिस्तीची गिरणी दिसते," म्हणाले, आणि तिच्याच ट्रेमधला सामोसा उचलला. अर्ध्या तासात प्रितम डॉक्टर झाला. टाळ्या वाजल्या. मी भर सभेत थुंकले नाही, एवढीच माझी सभ्यता.

रंजिताने तक्रार केली. चौकशी समिती बसली. समितीत गाईडच होता.

पुढे तिचा स्वतःचा प्रबंध तपासणीला गेला आणि कॉम्प्युटरने सांगितलं की चौथं प्रकरण प्रितमच्या प्रबंधाशी जुळतं. म्हणजे चोर ठरली ही. पुन्हा मोजावं म्हटलं तर चाचांचे लूम भंगारात गेले होते, शेडचं गोडाऊन झालं होतं. गाईडने तोडगा दिला, आणि तोही उपकार केल्यासारखा. "प्रत्येक ग्राफखाली प्रितमचा संदर्भ टाक. आणि आभारात ते पॉवरलूमवाले कोण आहेत, ते काढ. उगाच प्रश्न नकोत."

दाजींना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले. "आपल्या जाल्यातला म्हावरा न् नाव दुसऱ्याचा? न्हाय लिवायचा," म्हणाले आणि ताटावरून उठले.

रंजिताने मात्र माझ्याकडे बघितलं. तिची कॉलेजातली नोकरी कच्ची होती. जूनपर्यंत पीएचडी झाली नाही तर तीही जाणार होती. सहा वर्षं गेली होती, लग्नाची तीन स्थळं परत गेली होती. मी म्हणाले, "लिही. एकदाचं सुटू दे."

ती माझ्या शेजारी बसून टाइप करत गेली. एकोणीस ग्राफ, एकोणीस वेळा प्रितमचं नाव. मी पानं उलटून देत होते. शेवटी आभाराचं पान आलं. तिथे हनीफचाचांचं नाव होतं, त्यांच्या चहासकट.

"वहिनी, एवढं एक तरी ठेवू का?" तिने विचारलं.

ती आता डॉक्टर रंजिता आहे, नोकरी पक्की आहे. गाईडची किळस मला येते, ती येणारच. पण त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, त्याला नाही. आणि मी म्हणाले होते, "काढ."