न झालेल्या बैठकीची हजेरी

एक प्रकरण आठवलं की आजही मला बसवत नाही, उठून अंगणात फेऱ्या मारतो. तेव्हा मी हिंदी मुलखातल्या एका पोलाद कारखान्याच्या गावी, सुपेल्याजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कुरुदकडचा एक रस्ता परदेशी विकास बँकेच्या कर्जातून रुंद होणार होता. बँकेची अट अशी की ज्यांची दुकानं जाणार त्यांची आधी बैठक घ्यायची, दुसरी जागा दाखवायची आणि संमतीच्या सह्या घ्यायच्या. त्याशिवाय कर्जाचा पुढचा हप्ता नाही.

सोमवारी एक बाई आली. मूळची भंडाऱ्याकडची, नवरा गेल्यावर त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान तीच चालवायची.

"साहेब, गुरुवारी माझं दुकान तोडून राहिले. म्हणतात, मी सही देल्ली. मले तं कोणी बोलावलंच नाही."

मी संमतीचा कागद मागवला. नाव होतं, सही होती. "सही तर दिसते बाई, आता कोर्टात जा," म्हणून मी तिला वाटेला लावलं. रोजनामच्यात नोंदही केली नाही. शिक्क्याचा कागद दिसला की आम्ही पोलीस निवांत होतो, आणि मी काही जगावेगळा नव्हतो.

बुधवारी दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "साहब, वो मीटिंग हुई ही नहीं. उस दिन हॉल में शादी थी." हॉलचं रजिस्टर पाहिलं, कागदावरच्या तारखेला खरंच लग्न होतं. मग तोच कागद पुन्हा काढला आणि माझं डोकं फिरलं. चार सह्यांखाली नंबर होता. प्लांटमध्ये, म्हणजे त्या पोलाद कारखान्यात, जन्म घालवलेला माणूस सहीखाली आपला पर्सनल नंबर, म्हणजे नोकरीचा क्रमांक, लिहितोच. माझे वडील तर आहेराच्या पाकिटावरही लिहायचे. पण भाजीवालीला आणि पंक्चरवाल्याला कुठला पर्सनल नंबर? त्यात चारही ठिकाणी एकच.

तो नंबर सेक्टर १० मधल्या, प्लांटमधून निवृत्त झालेल्या एका कारकुनाचा निघाला. रस्त्याच्या सर्वेक्षणाचं काम त्याच्याकडे होतं. आमच्याच विदर्भाकडचा, गणपतीच्या पंगतीत माझ्या शेजारी बसणारा. मी चहा मागवला, आवाज चढवला नाही. "मले काही माहीत नाही, भाऊ," असा जबाब त्याने स्वतःच्या हाताने लिहिला, सही केली आणि खाली नंबर घातला. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर नंबर तोच होता.

"बँकेचे लोक पाहाले येऊन राहिले होते," तो शेवटी म्हणाला. "बैठकीत भांडणं झाली असती तं काम अडकलं असतं. रस्ता तं सगळ्याईच्याच कामाचा हाय न भाऊ. म्हटलं, सह्या कोण पाहाते?"

पाडकाम थांबवावं म्हणून संध्याकाळभर मी फोन करत राहिलो. एक साहेब दौऱ्यावर, दुसरे मीटिंगमध्ये. गुरुवारी सकाळी स्वतः जीप घेऊन निघालो, तोवर दुकान पडलं होतं. बाई रस्त्याकडेला आपल्या मशीनी पुसत बसली होती.

कारकुनाला अटक झाली. बँकेने हप्ता रोखला, आणि मग खरी बैठक झाली. बाईला विचारलं तेव्हा ती उठली.

"रस्त्याले माझी ना नव्हतीच. तवा पुसलं असतं तं हो म्हटलं असतं. आता कायले पुसता?" मग माझ्याकडे वळली. "आन् साहेब, तुमाले तं मी सोमवारीच सांगतलं होतं."

भर सभेत मला मान वर करवली नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, समोरच्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय मी कागदाला हात लावला नाही. पण त्याने तिचं दुकान काही उभं राहिलं नाही.