गणपतीच्या टेबलाखालची उल्का

आमच्या घरात उल्का पडली नाही. ती मी खांबहून, म्हणजे आमच्या गावाहून, स्कूटरवर आणली.

श्रावणात आमच्या लोहारखाचराचा बांध फुटला आणि दादाने मला मदतीला बोलावलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. गावी शेती तो करतो, आणि मी रोह्याच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये ड्रम मोजतो. चिखलात फावडं ठणकन वाजलं आणि नारळाएवढा काळा दगड वर आला. उचलायला दोन हात लागले.

"फेक तिकडं," दादा म्हणाला.

मी कसला फेकतोय! पेपरच्या रविवारच्या पुरवणीत 'उल्का कशी ओळखावी' हे मी नुकतंच वाचलं होतं. उल्का जड असते. हा होता. वरून काळी, भाजल्यासारखी असते. हा होता. अंगावर अंगठा दाबल्यासारखे खळगे असतात. होते. चुंबक चिकटतं. रेडिओच्या मोडक्या स्पीकरचं चुंबक असं चिकटलं, की सोडवायला शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारावी लागली. बाथरूमच्या उरलेल्या टाइलच्या पाठीवर घासून पाहिला तर रेघ उठली नाही. हेही उल्केचंच लक्षण. एका अंगाला बारीक छिद्रं होती, त्याबद्दल पुरवणीत काही नव्हतं (किंवा होतं, आणि मी तेवढ्यावर पान उलटलं). ती बाजू भिंतीकडे करून मी दगड शोकेसमध्ये ठेवला.

कंपनीत तिन्ही शिफ्टना बातमी गेली. लॅबमधल्या एकाचे मेहुणे मुंबईला भूगर्भशास्त्राचे प्रोफेसर होते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते महाडला जाताना कोलाड नाक्यावर चहाला थांबणार होते. "दगड घेऊन या, दहा मिनिटं देतो," असा त्यांचा एसटीडी बूथवर निरोप आला. मी त्या बूथवाल्यालासुद्धा पेढा दिला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्याच वर्षी आमचा पाच दिवसांचा गणपती पहिल्यांदाच माझ्या घरी, रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावात, यायचा होता, कारण गावच्या घराचं छप्पर उतरवलेलं. आईने दादाच्या देखत मला बजावलं, "नीट केलास तर गणपती हितंच ऱ्हाईल, आणि मीपण. नाय तर पुढल्या वर्षी आमी दोघं परत खांबला." आईने माझ्याकडे राहावं असं मला फार वाटायचं. तिला राहावंसं वाटेल असं मी आजवर काही केलं नव्हतं, एवढीच अडचण होती.

चतुर्थीला दादा सकाळीच आला. पेणहून आणलेली मूर्ती त्याने टेबलावर मांडली, थर्माकोलचं मखर लावलं, टेबलाला शैलाची जुनी साडी जमिनीपर्यंत सोडली. मी भटजींना आणायला पूल ओलांडून रोह्यात गेलो होतो. आल्या आल्या पूजा सुरू झाली, प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, आणि प्रसादाचा मोदक तोंडात असताना माझं लक्ष शोकेसकडे गेलं. शोकेस रिकामं.

"दगड कुठाय?"

"टेबलाचा मागचा पाय खाली जात व्हता," दादा म्हणाला. "तुझी फरशी बसलीय. त्याच्याखाली घातला. काय बसलाय म्हणून सांगू!"

आता, प्राणप्रतिष्ठा झालेला गणपती उत्तरपूजेपर्यंत जागचा हलवत नाहीत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि टेबल हलवणं म्हणजे गणपती हलवणं. मी नुसता साडीचा काठ उचलला तर आई मागून म्हणाली, "विज्या, हात लावायचा नाय."  उल्का गणपतीखाली, गणपतीवर आईची नजर, आणि प्रोफेसर उद्या कोलाडला.

सकाळी उठून मी शेजारच्या इस्माईलभाईंकडे गेलो. ते कुवेतहून सुट्टीवर आले होते आणि त्यांच्याकडे जीप होती.

"जॅक पायजे."

"गाडी कंची बंद पडली?"

"गाडी नाय. टेबल."

इस्माईलभाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि जॅक दिला. "माझ्याकडून न्हेलास ह्ये कुणाला सांगू नको," एवढंच म्हणाले.

बेत सोपा होता. आळीतली मंडळी सकाळच्या आरतीला जमली, की टाळ-घंटांच्या आवाजात मी मागच्या बाजूने टेबलाखाली शिरायचं, जॅकने केसभर टेबल उचलायचं, दगड काढायचा, लाकडाचा ठोकळा सारायचा. पहिली आरती सुरू झाली आणि मी शिरलो. टेबल उचललं. दगड काढला. ठोकळा सारला. ठोकळा बोटभर कमी पडला. (माप मी अंदाजाने घेतलं होतं. दगड मात्र टाइलवर घासून, चुंबक लावून पारखला होता.) तेवढ्यात जॅकखालची फरशी चर्रकन तडकली, जॅक कलंडला, आणि टेबल खाली यायला लागलं.

मी पाठ लावली. दुसरं काही सुचलंच नाही. हाता-गुडघ्यांवर घोडा झालो, छातीखाली उल्का, पाठीवर टेबल. टेबलावर गणपती, पाच फळं, मोदकांचं ताट आणि थर्माकोलपासून वीतभर अंतरावर पेटलेली समई. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

बाहेर टाळ एकदम थांबले.

"बाप्पानं मान हलवली," शेजारच्या ताराकाकींचा आवाज आला.

"शैला गो, बघितलंस?" आई म्हणाली. 

शैलाने बघितलं होतं. पण तिने साडीखालून एका बाजूला बाहेर आलेल्या माझ्या टाचाही बघितल्या होत्या. ती शांतपणे टाचांपुढे येऊन बसली. आता आरती आटोपेल म्हणून मी देवाला हात जोडणार होतो (मनातल्या मनात), पण मान हलवलेल्या गणपतीपुढून कोण उठतंय! शंकराची झाली, देवीची झाली, विठ्ठलाची झाली. ताराकाकींना दत्ताची आठवली. जी मंडळी पुढच्या घरी निघाली होती ती पुढच्या घराला घेऊन परत आली. माझे गुडघे थरथरायला लागले, तशी बाप्पाने पुन्हा मान हलवली आणि मंडळींनी पहिल्यापासून सुरुवात केली.

खरं सांगतो, मला रडू येत होतं. उल्केचं मी केव्हाच सोडलं होतं. मूर्ती भंगली तर आईचं तोंड कसं होईल, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

तेवढ्यात बाजूची साडी उचलली गेली आणि दादाचं तोंड आत आलं. आदल्या रात्री गावी गेलेला तो खांबहून नुकताच पोचला होता.

"काय करतोस?"

"गणपती धरलाय."

"दगड कुठाय?"

"छातीखाली."

"मग परत घाल ना."

"हात सोडला तर टेबल जाईल. आणि प्रोफेसर कोलाडला थांबलाय, दादा."

दादा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी मी विहिरीत चप्पल टाकली होती तेव्हा बघितलं होतं तसंच. मग म्हणाला, "सरक."

तो आत आला, माझ्या शेजारी घोडा झाला, त्याने पाठ लावली. "जा. पण लवकर ये." मी दगड पोटाशी धरून मागच्या दाराने निघालो. इतकी वाईट स्कूटर मी जन्मात चालवली नसेल.

प्रोफेसर चहा संपवत होते. त्यांनी दगड हातात घेतला, फिरवला आणि नेमकी छिद्रांची बाजू वर केली.

"ही छिद्रं पाहिलीत?"

"पाहिली."

"मग?"

"भिंतीकडे केली होती."

त्यांनी खिशातलं भिंग लावलं.  "उल्केला अशी छिद्रं नसतात," ते म्हणाले. "ही लोखंडाची मळी आहे. भट्टीत लोखंड गाळलं की उरते ती. म्हणून चुंबक लागतं. सापडली कुठे?"

"आमच्या लोहारखाचरात."

प्रोफेसरांनी कप खाली ठेवला. "कुठे?"

"लोहार..." मी म्हणालो, आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव मला ऐकू आलं.

ते सज्जन होते, हसले नाहीत. "द्या टाकून," म्हणाले. मी दगड त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावला. "नको, नको! घरी भाऊ अडकलाय." गाडीत बसलेल्या त्यांच्या पत्नीने काच वर केली.

घरी आलो तर मंडळी गेली होती. आई टेबलाशेजारी पाट टाकून बसली होती आणि साडीखाली हात घालून कुणाला तरी मोदक भरवत होती. मंडळी गेल्यावर दादाला आत शिंक आली होती. पुढचं शैलाने सांगून टाकलं होतं.

"दगड आणलास?" आईने विचारलं. तो काय निघाला, हे तिने विचारलं नाही.

"आणला."

"मग घाल आधी."

मी आत शिरलो. दादाने पाठ उचलली, मी दगड सारला. टेबल असं बसलं की पुढचे तीन दिवस समईची ज्योतसुद्धा हलली नाही. दादा कमरेवर हात ठेवून बाहेर आला. मी खाली मान घालून आईकडे बघत होतो. खांबला जायचं गाठोडं ती आता बांधते की विसर्जनानंतर, एवढंच कळायचं बाकी होतं.

"गणपती हितंच ऱ्हाऊदे, आई," दादाच म्हणाला. "दगडाचं माप ह्याच्या फरशीचं हाय. आणि हा अर्धा तास पाठीवर घेऊन ऱ्हायला. मी इतकी वर्षं करतोय, आजच्या आधी कधी घेतला नव्हता."

 आईने उरलेला मोदक माझ्या तोंडात कोंबला. तो जरा जोरात कोंबला, पण कोंबला.

आई माझ्याकडे राहिली, गणपती राहिला, दगडही आहे. ताराकाकी अजून आरतीला सगळ्यांच्या पुढे उभ्या राहतात आणि मूर्तीकडे डोळे लावून असतात. "मागं एकदा मान हलवली व्हती," त्या नव्या सुनांना सांगतात, "आता का हलवीत नाय कुणास ठावं."

मग मागून दादा हळूच माझ्या कानाशी येतो.

"विज्या, जा आत."