गाठ आतल्या बाजूला

साठी उलटल्यावर टेलरमामांनी हट्टच धरला: दुकानापासून निघून दोनशे किलोमीटर सायकल हाणायची आणि सूर्य मावळायच्या आत परत यायचं. दोनदा बेत फसला होता, नि मेहुण्याने ती बातमी गल्लीभर मोफत पुरवली होती.

तिसऱ्या खेपेला चौदा किलोमीटर उरले असताना काचेने टायर फाडला. मामांनी कॉलरला टोचलेली सुई काढून जाड दोऱ्याने तो शिवला, ट्यूब बदलली आणि निघाले. दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स!

मागून स्कूटरवर येणारा मेहुणा खुशीत म्हणाला, "बसा मागे, दाजी. सूर्य काही तुमच्यासाठी थांबायचा नाही."

"तू आधी तोंड शिव!"

मामांनी टायर उलटला. गाठ आत होती! चाळीस वर्षांची सवय, बाहेरून शिवण सुबक दिसायला हवी ना! तीच गाठ ट्यूबला घासली होती. त्यांनी शिवण उसवली, गाठ बाहेर घेऊन पुन्हा शिवलं, पंक्चर काढलं आणि दातओठ खात पेडल मारले. ऊन भिंतींवरून छपरांवर गेलं, तिथूनही सरकू लागलं.

दुकानाच्या पायरीला चाक टेकलं, तेव्हा समोरच्या टाकीवर बोटभर ऊन उरलं होतं.

"जिंकलात, दाजी," मेहुणा पुटपुटला.

"ते राहू दे. आधी मला खाली उतरव, पाय वळेनात!"