फोनवरची तिथी

वेळ पाळण्यात माझ्या व्याह्यांनी जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात दुसऱ्या कुणी दोन विहिरी खणून त्यांवर मोटारीही बसवल्या असत्या. दौंडला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. त्यामुळे साडेचार हा शब्द त्यांच्या तोंडी नाही, सोळा तीस. माझ्या मुलीला बघायला ते शिरूरला येणार होते तेव्हा निरोप आला, दहा वीसला येतो. आम्ही हसलो. पाहुणे दहाला म्हणाले की बाराला येतात, हे लहान पोरालाही ठाऊक. दहा वीसला हे दारात. आमचे मालक अजून टॉवेलवर होते आणि मी पोह्यांत कांदा चिरत होते. व्याह्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, सकाळी किती वाजता उठतेस. ती म्हणाली, साडेपाच. "पाच तीस," असं दुरुस्त करून त्यांनी पसंती दिली.

लग्नांत तर त्यांची फार पंचाईत. आमच्या भागात पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा असला की नवरदेव दीडला घोड्यावर बसतो आणि पुढाऱ्यांची भाषणं संपून अक्षता पडायला अडीच वाजतात. हे बारा पस्तीसला मांडवात हजर. पाटसच्या एका लग्नात मांडवात ते आणि मंडपवाला, दोघंच होते. मोबाईलमध्ये बारा पस्तीस झाले तसे उठले, रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या, आचाऱ्याकडून पानात भात वाढून घेतला आणि घरी आले. नवरा-नवरी तेव्हा ब्यूटी पार्लरमध्ये होती. पुढे त्या जोडप्याला मुलगा झाला तेव्हा हे म्हणाले, माझ्या अक्षता वेळेवर पडल्या होत्या.

रिटायर झाल्यावर दोन महिने ते घरातून गाड्या मोजत बसले. मग माझ्या जावयांनी त्यांना नवीन फोन आणून दिला आणि त्यात आठवण करून देणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. घोटाळा तिथून सुरू झाला. अ‍ॅपमध्ये आपल्या आवाजात बोलून ठेवता येतं. व्याह्यांनी घरातला प्रत्येक श्वास त्यात भरला. नळाला पाणी. तुळशीला पाणी. दाढी. भाजीवाली आली का बघणे. दिवसभर खिशातून त्यांचाच आवाज यायचा आणि तेच त्याला "व्हय, व्हय" म्हणून उठायचे. आमच्या विहीणबाई, त्यांना मी अक्का म्हणते, एकदा मला म्हणाल्या, घरात नवरे दोन झालेत आन् ऐकणारी मी एकटीच.

पण त्या फोनमागे एक कारण होतं, ते सांगितलं पाहिजे. अक्कांचा डावा डोळा सहा वर्षांपूर्वी गेला. ऑपरेशननंतर डोळ्यात वेळच्या वेळी थेंब टाकायचे होते. व्याह्यांची तेव्हा डबल ड्युटी चालू होती. कधी टाकले, कधी राहिले. डोळ्यात पू झाला. डॉक्टर म्हणाले होते की थेंबांमुळेच झालं असं सांगता येत नाही, पण व्याह्यांनी ते वाक्य कधी मनावर घेतलं नाही. या वर्षी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. उरलेला डोळा तेवढा एकच. मुलगी आणि जावई पुण्याला नोकरीत, रविवारशिवाय सुटका नाही. म्हणून मी पिठाचा डबा घेऊन न्हावऱ्यावरून एसटीने दौंडला गेले. मुलीच्या घरी राहू नये म्हणतात. म्हणणारे येऊन भाकरी थापत नाहीत.

ऑपरेशन चांगलं झालं. दर दोन तासांनी लाल झाकणाच्या बाटलीतला एक थेंब, त्यावर पाच मिनिटांनी पांढऱ्या झाकणातला एक. आठव्या दिवशी तपासणी. व्याह्यांनी सगळं अ‍ॅपमध्ये बोलून ठेवलं. तीन दिवस दर दोन तासांनी फोन ओरडायचा, "लाल झाकण! अगं, लाल झाकण!" आणि हे साबणाने हात धुऊन बाटली घेऊन उभे. अक्का मान मागे करायच्या. मला त्यात बघण्यापलीकडे काम नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या थोरल्या चुलतभावाचा दहावा होता, नदीच्या घाटावर. जाणं भागच होतं. जाताना त्यांनी मला दोन्ही बाटल्या दिल्या आणि आठ, दहा असं चारदा म्हणून घेतलं. मी चौथी शिकलेली आहे. घड्याळ चौथीपर्यंतच शिकवतात, पुढं त्यात नवीन काही नसतं. मी दोन्ही वेळा थेंब टाकले. साडेअकराला ते परत आले, अंघोळ केली, माझ्याकडून बाटल्या घेतल्या आणि "आता चार्ज माझ्याकडं" म्हणाले. चेहरा जरा पडलेला होता, पण दहाव्याहून आलेल्या माणसाला मी काय विचारणार? जेवताना त्यांनी फोन दाखवला. वर कोपऱ्यात बारीकशी चंद्रकोर होती. म्हणाले, "हे बघा विहीणबाई, फोन आता तिथीपण दाखवाय लागलाय. आज तीजच हाय." मी म्हटलं, बरं. मग मी बाजारात गेले, येऊन जरा आडवी झाले.

सव्वाचारला अक्का आतून म्हणाल्या, आज थेंब बंद केलेत का? व्याही पेपर वाचत होते. त्यांनी फोन बघितला, मग माझ्याकडे बघितलं. बाराचा चुकला होता, दोनचा चुकला होता, चारचाही. अक्कांना घड्याळ दिसत नव्हतं, पण दौंडमध्ये बाई डोळे झाकूनही वेळ सांगते, गाड्या ऐकून. त्यांना प्रत्येक वेळ कळली होती. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, मग बोलला का नाहीत?

"चाळीस वर्सं ह्यांच्या ड्युटीच्या मधी बोलले न्हाई," अक्का म्हणाल्या. "आता फोनच्या मधी कशाला बोलू?"

व्याह्यांनी बाटल्या माझ्यापुढे धरल्या, तो थेंब मी टाकला. चूक माझीही होती. चार्ज दिला म्हणून मी डोळे मिटून घेतले. दवाखान्यात फोन केला तर तिथल्या बाईने सांगितलं, आता वेळ चुकवू नका, लाली वाढली किंवा दुखलं तर लगेच आणा. लाली होतीच, थोडी. ती ऑपरेशनची की चुकलेल्या थेंबांची, ते आम्हा दोघांना कळण्यासारखं नव्हतं.

पुढचे दोन दिवस व्याह्यांनी फोन दुरुस्त केला. आधी बंद करून चालू केला. मग कव्हर काढून चालू केला. आवाज पूर्ण वाढवला. आवाज होता, कारण बोटाने दाबलं की "लाल झाकण" म्हणायचा. वेळेवर मात्र मुका. स्टेशनजवळच्या मोबाईलच्या दुकानात गेले, तिथल्याने सांगितलं अपडेट मारा. अपडेट मारलं. फोनचा रंग बदलला, वागणं तेच. मग त्यांनी कुणाच्यातरी सांगण्यावरून अ‍ॅप काढून टाकलं आणि नवीन घेतलं. नवीन आलं ते कोरं. वर्षभराचं बोलणं पुसून गेलं. सिग्नल बंद पडला की गाडी सोडायला ड्रायव्हरला कागद लिहून देतात म्हणे, तसा फोन बरा होईपर्यंत प्रत्येक थेंबाला ते मला कागद द्यायचे. "लाल झाकण, चौदा वाजता, टाकण्यास परवानगी." खाली सही. मी थेंब टाकायचे आणि कागदाने तवा पुसायचे. चंद्रकोरीकडे बघून मात्र ते नाराज होते. म्हणाले, काल पण एवढीच कोर होती, ह्या कंपनीचं पंचांग चुकीचं हाय.

शेवटी मी चिडले. म्हटलं, भिंतीवर घड्याळ आहे, हातात बाटली आहे, तुम्हाला डोळे आहेत. फोन टाका विहिरीत.

ते हळू म्हणाले, "घड्याळ बोलत न्हाई, विहीणबाई. त्याच्याकडं बघायचं, हे पण आठवावंच लागतं. मागच्या टायमाला केबिनमधी समोर घड्याळ हुतं. तीन हात लांब. पाच गाड्या मी येळेवर सोडल्या, थेंबाला घरी जायचं तेवढं ऱ्हायलं."

मी उठून पीठ मळायला घेतलं.

कोऱ्या अ‍ॅपमध्ये त्यांनी सगळं परत बोलायला घेतलं, ते मी भाकरी करता करता ऐकलं. पहिलं अर्थातच लाल झाकण, पांढरं झाकण. तिसरं काय आठवतंय याची मला उत्सुकता होती. नळाचं पाणी असेल, नाहीतर दाढी. ते फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाले, "मंगळवार, अकरा वाजता. शिरूरला फोन. गुडघा विचारणे." आता दर मंगळवारी अकराला व्याह्यांचा फोन येतो आणि ते माझ्या गुडघ्याची चौकशी करतात, हे मी आमच्या आळीत सगळ्यांना सांगितलेलं. व्याही असावा तर असा, असंही वर म्हटलेलं. तर माझा गुडघा त्या फोनच्या लक्षात होता. मला राग आला. मग तवा तापेपर्यंत विचार केला की यादी पुसली गेल्यावर गॅसची टाकी, लाईटबिल, दाढी, काहीच आठवलं नाही, आणि डोळ्यानंतर गुडघा आठवला. त्यांना एक भाकरी जास्त वाढली.

सहाव्या दिवशी दुपारी माझ्या साध्या बटणांच्या फोनवर मुलीचा फोन आला. ती रागात होती. सासऱ्यांना ती आप्पा म्हणते. दोन दिवस आप्पांना फोन करतेय, रिंग जाते, उचलत का नाहीत? व्याही शेजारीच बसले होते, म्हणाले, फोन वाजलाच न्हाई. त्यांना तसा कुणाचा फोन येत नाही, त्यामुळे वाजत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मुलीने जरा विचार केला आणि म्हणाली, "आई, आप्पांच्या फोनवर वर कोपऱ्यात चंद्रकोर दिसती का बघ."

मी म्हटलं, "दिसती की. तिथी हाय ती."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं आलं. मग तिने सांगितलं की ती चंद्रकोर म्हणजे मालक झोपलाय, कुणी आवाज करू नका, असं फोनला बजावलेलं आहे. वरून बोट खाली ओढायचं आणि त्या कोरीवर दाबायचं. मी सांगितलं, व्याह्यांनी दाबलं. कोर मावळली. सोळा वाजता फोन ओरडला, "लाल झाकण! अगं, लाल झाकण!" शेजारच्या घरातून कुणीतरी म्हणालं, आला बाबा.

कोर कुणी लावली, असं मी विचारलं तेव्हा कुठे दहाव्याची हकीकत बाहेर आली. घाटावर पिंड ठेवला होता, सगळे लांब उभे होते आणि कावळा बरोबर पिंडावर उतरत होता. नेमके दहा वाजले. खिशातून "लाल झाकण!" कावळा गेला तो नदीपलीकडे. मग पाऊण तास त्याच्या मिनतवाऱ्या. मयताची इच्छा राहिली असेल म्हणून नातेवाईक एकेक कबूल करत होते. धाकटीचं लग्न करू. देवाला जाऊन येऊ. म्हैस विकणार नाही. कावळा ढिम्म. तेव्हा एक म्हातारा म्हणाला, मयत जन्मभर सांगत आला, ह्याचं घड्याळ कुणीतरी बंद करा. मयताच्या मुलाने व्याह्यांच्या हातातून फोन घेतला, काहीतरी दाबलं आणि पिंडाकडे तोंड करून म्हणाला, "आबा, गप केला." कावळा येऊन शिवला. सगळ्या भाऊबंदांसमोर. व्याह्यांना वाटलं घाटापुरताच गप केला. लाजेने त्यांनी घरात हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते, असं मी तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, व्हय.

आठव्या दिवशी तपासणीला गेलो. लाली उतरत आली होती, पण मला कशाचा भरवसा नव्हता. डॉक्टरांनी दिवा लावून बराच वेळ बघितलं. व्याही भिंतीला पाठ लावून उभे होते, हातात रिकाम्या होत आलेल्या दोन्ही बाटल्या. डॉक्टर म्हणाले, डोळा चांगला आहे, थेंब आता कमी करू. आम्ही रिक्षाने घरी आलो. रस्त्यात उसाचा एक ट्रॅक्टर पुढे चालला होता, त्याची गाणी ऐकत आलो.

घरी आल्यावर मी तांदूळ निवडायला घेतले तर अक्कांनी हातातून सूप ओढून घेतलं. दारातल्या उजेडात बसल्या आणि तांदूळ पसरले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आठ दिस आमाला खडं खायाला घातलं की तुमी." मी म्हटलं, माझेही डोळे सत्तर वर्षांचे आहेत. त्या काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. सूप पाखडायच्या, मान खाली घालून बघायच्या, दोन बोटांनी उचलायच्या. व्याही समोर येऊन बसले. त्यांनी हात पुढे केला. अक्कांनी एक खडा त्यांच्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. बारीक, पांढरे खडे, तांदळाच्याच रंगाचे, मला जवळ नेऊनही दिसले नसते असे. हात अवघडला असणार, पण त्यांनी खाली घेतला नाही. भाताला त्या दिवशी फार उशीर झाला. कुणी वेळ विचारली नाही.